रुमालाखालचा आकडा

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा एकोणसत्तर, आणि कंबरेखालचं शरीर माझं ऐकायचं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. मी गवंडी. चाळीस वर्षं थापी धरली आणि शेवटी एका बंगल्याच्या परांचीवरून पाठीवर पडलो. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण सोलापुरात माझ्या हातची एक भिंत कललेली कुणी दाखवावी. तेव्हा लिहिण्यात कुणी चूक काढली तर काढू दे. मला सांगायचंय ते सिद्रामबद्दल, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

सिद्राम जनावरांचा दलाल होता, अक्कलकोटकडच्या खेड्यातला. साठी नुकती ओलांडलेली. मला तो इथल्या एका दवाखान्याच्या फिजिओ विभागात भेटला. दोघंही चाकाच्या खुर्चीत, दोघांच्याही मणक्यातली तार तुटलेली. पहिल्या दिवशी त्यानं मला नीट बघून घेतलं. आधी मान, मग खांदे, मग दंड. मग वाकून पोटऱ्या बघितल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला, गौराबाईला म्हणाला, "पुढनं जनावर चांगलं हाय. मागनं खाटकाच्या कामाचं."

मी म्हणालो, "तुला तर पुढनं बी गिऱ्हाईक लागंल असं वाटत न्हाय."

तो इतका खूश झाला की त्यानं खुर्ची ढकलत माझ्या शेजारी आणून लावली. त्या दिवसापासून बोलावणं येईपर्यंत आम्ही पडवीत जोडीनं बसायचो.

माणूस बघितला की त्याला जनावरच दिसायचं. आमच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या अश्विनी मॅडम माढ्याकडच्या, पंचविशीतल्या. त्यांना तो 'दोनदाती' म्हणायचा, म्हणजे नुकते दोन दात आलेलं वासरू. मोठे डॉक्टर 'जुळलेले', म्हणजे सगळे दात आलेले, आता उतरणीला. दवाखान्यातल्या मामांना बघून म्हणायचा, "ह्यो पाय लपवतोय. उजवा पाय टाकताना बघ. ह्येला घेणारा फसला." महिन्याभरानं त्या मामांचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.

सरळ उत्तर त्यानं कधी दिलं नाही. चहा घेणार का म्हटलं तर म्हणायचा, "असला तर बगू." जेवलास का म्हटलं तर, "का, तुज्या डब्यात काय हाय?" मूत्रपिशवी भरली का असं नर्सनं विचारलं तरी, "तुमाला काय वाटतंय?"

त्याचा मणका एका बैलानं मोडला. बाजारातून टेम्पोत चढवताना बैल मागं सरला आणि सिद्राम टेम्पोचा मागचा फाळका आणि बैल यांच्यात सापडला. ही हकीकत तो हसत सांगायचा. "बैल मारका हाय ह्ये फकस्त मला आन बैलालाच ठावं हुतं. मी सगळ्यास्नी सांगत हुतो, गरीब हाय, गरीब हाय. सांगून सांगून मलाच खरं वाटाय लागलं."

मी विचारलं, "मग त्या बैलाचं काय केलंस?"

"इकला. खाटंवर पडल्या पडल्या फोनवर."

"काय म्हणून?"

"गरीब म्हणून."

"कुणाला?"

त्यानं मान वळवून बायकोकडं बघितलं. "हिच्या भावाला."

गौराबाई खिडकीतून बाहेर बघत होती. ती तशीच बघत राहिली.

आता दुखण्याचं सांगतो. ज्यांचा मणका धड आहे त्यांना हे पटत नाही. आमचे पाय मेलेले. टाचणी टोचा, चिमटा काढा, काही कळत नाही. पण आतून ते पेटलेले असतात. कधी उकळतं तेल ओतल्यासारखं, कधी तळपायातून तापलेली सळई ओढल्यासारखं. जिथं काहीच कळत नाही तिथंच हे कळतं. गोळ्या खाऊन झोप येते, पण आग जागीच राहते. एकदा पडवीत सिद्रामच्या मांडीवर चहाचा अख्खा कप सांडला. वाफाळता चहा. त्याला पत्ताच नाही, तो माझ्याशी बोलतच राहिला. गौराबाईनं धोतर बाजूला केलं तर कातडी सुटून आली होती. ती पुसत असतानाच त्याच्या तळपायातली आग उठली आणि तो डोकं मागं टाकून ओरडायला लागला. भाजलं मांडीला आणि ओरडतोय तळपायासाठी. बाकीचे पेशंट हसले. मीही हसलो. ते हसण्यासारखंच होतं.

त्या पावसाळ्यात पुण्याहून एक यंत्र आलं. पाच पेशंट निवडले. मी, सिद्राम, चिंचोळी एमआयडीसीतला पवार फिटर, आणि आणखी दोघं, जे पंधरा दिवसांत चक्कर येते म्हणून सुटले. मॅडमनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. डोळ्यांवर एक डबा बांधायचा. त्यात रस्ता दिसतो. खाली बघितलं की पाय दिसतात. हात हलवायला लागलं की ते पाय चालायला लागतात. मेंदूला वाटतं आपण चालतोय, आणि आग कमी होते. रोज वीस मिनिटं, असे सहा आठवडे. रोज आधी आणि नंतर दुखण्याचा आकडा सांगायचा. सहा आठवड्यांनी ज्यांचा आकडा जास्त उतरलेला असेल अशा दोघांनाच पुढं सहा महिने यंत्र मिळेल. बाकीच्यांचं बंद. यंत्र एकच आहे आणि ते दुसरीकडंही फिरवायचंय.

हे सगळ्यांना कळलं. सिद्रामलाही कळलं. फक्त ते त्याला दलालाच्या डोक्यानं कळलं.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं आत्ता किती आहे?"

"तुमी सांगा."

"अहो, दुखणं तुमचं आहे. मी कसं सांगणार?"

"व्हय, पर तुमी किती धरून चाललाय?"

"मी काहीच धरलेलं नाही."

"आसं कसं? पवारचं किती लिवलंय?"

"ते सांगता येत नाही."

"बरं, ह्या गवंड्याचं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाच मिनिटं असं चाललं. शेवटी हा म्हणाला, "लिवा आठ. पर तुमच्या तोंडाकडं बगून सांगतोय."

मग त्याच्या डोळ्यांवर डबा चढवला. तो म्हणाला, "घाण्याच्या बैलाला बांधत्यात ती झापड हाय ही." खाली बघून म्हणाला, "ह्ये कुणाचं पाय? पांढरं बूट, इजार. माजं न्हवं ह्ये. मी धोतर नेसतो."

"काका, तुमचेच समजा. हात हलवा."

त्यानं हात हलवले. एक, दोन, तीन. आणि बडबड बंद झाली. मी दारातून बघत होतो. वीस मिनिटं सिद्राम तोंडातून अक्षर न काढता चालत होता. मान जराशी डावीकडं वळवायचा, जणू कासऱ्याला धरून जनावर शेजारून येतंय. मॅडमनी डबा काढला तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. मी पडल्यानंतर पहिल्यांदा भूल दिली होती तेव्हा माझा असा झाला असेल. सगळ्या रेघा सुटलेल्या.

"आता किती काका?"

त्यानं चेहरा परत बांधला. "सात धरा. लई काय न्हाय. ठीक हाय."

पडवीत आल्यावर त्यानं खांद्यावरचा तांबडा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली माझा हात धरला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. तोंडानं आकडा कुणी बोलत नाही. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, पंजा सोडून परत बोट धरलं की सहा. मला ते त्यानंच शिकवलं होतं, वेळ जायला म्हणून. त्यानं पहिल्यांदा पंजा धरला, सोडला, चार बोटं धरली. नऊ. म्हणजे आत जायच्या आधीचा. मग सोडून दोन बोटं धरली.

"दोन?" मी म्हणालो.

त्यानं रुमालाखाली माझं बोट असं पिरगाळलं की डोळ्यांत पाणी आलं. "तोंडानं बोलायचं न्हाय. रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हातं. ह्ये मोडणाऱ्याला बाजारात कुणी उभा करत न्हाय."

"आरं, पण मॅडमला सात का सांगितलंस?"

"माल आवडला असं दाखवलं की मालक दावं आखडतो. न्हाय म्हणायचं आन चालाय लागायचं. मागनं हाक मारत येतो."

"ह्यो बाजार न्हाय, सिद्राम. त्यांनी सांगितलंय तसंच त्या करणार."

"तुला काय कळतंय? तुज्या विटांनी कदी तुज्याशी घासाघीस केली का?"

हे बोलणं मला लागलं. मला शहाणपण शिकवलेलं चालत नाही, त्याच्याकडून तर नाहीच. मी म्हणालो, "बरं. तुजं तू बघ." आणि परत तो विषय मी काढला नाही.

सहा आठवडे असंच चाललं. आत तोंडानं आठाचा सात. बाहेर रुमालाखाली नऊचा दोन, एकदा तर एक. यंत्रानंतर संध्याकाळपर्यंत त्याला आराम असायचा. माझा आकडा सातावरून पाचावर यायचा आणि तासाभरात परत चढायचा. मी मॅडमला खरं तेच सांगायचो. माझ्याकडं दोन आकडे नव्हते.

बायकोलाही त्यानं सांगितलं नाही. दोघं दवाखान्याच्या धर्मशाळेत राहायची. तिनं घर, शेळ्या, सगळं जावेवर टाकलं होतं. तिला वाटायचं, फरक पडत नसेल तर गावाकडं तरी जाऊ. ती विचारायची, "आराम पडतोय का वो?" आणि तो म्हणायचा, "तुला घाई झालीय व्हय मला जाळायची?" मी एकदा म्हणालो, "तिला तरी सांग." तर म्हणाला, "बाई हाय. दोनदातीपुढं रडंल आन माजा सौदा मोडंल." तिनं दिलेली भाकरी तो तिच्यासमोर वास घेऊन खायचा, शिळी निघाली तर बोलता यावं म्हणून. मी चाळीस वर्षं मजुरांवर ओरडलो, पण असा शांतपणे माणसाला सोलणारा मी दुसरा बघितला नाही.

पाचव्या आठवड्यात मॅडमनी मला एकट्याला थांबवलं. "तात्या, एक विचारू? सिद्रामकाका आतून बाहेर येतात तेव्हा वेगळे दिसतात. झोपही लागते म्हणे. पण आकडा सातच सांगतात. तुमच्याशी बोलतात ना ते? तुम्हाला काही सांगितलंय?"

मी म्हणालो, "न्हाय. मला काय बोलला न्हाय."

रुमालाचा शब्द होता म्हणून मी असं म्हणालो. हे खरं आहे. पण लिहायलाच बसलोय तर दुसरंही लिहितो. पवारची जागा नक्की होती, त्याला खूप फरक होता. राहिली एक. नऊचा दोन कागदावर चढला असता तर ती जागा सिद्रामची होती. हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. मला बेरीज येते.

शेवटच्या दिवशी मॅडमनी तिघांनाही आत बोलावलं. कागद समोर ठेवून म्हणाल्या, "काका, तुमचा आकडा आठावरून सातावर, रोज तेवढाच. म्हणजे यंत्राचा तुम्हाला फायदा झालेला दिसत नाही. पवार आणि तात्या पुढं चालू ठेवतील. तुमच्या गोळ्या आपण बदलून बघू."

सिद्राम हसला. मान हलवली आणि म्हणाला, "बरं मंग. येतो आमी." खुर्ची वळवली आणि दाराकडं निघाला, अगदी सावकाश, चाकाला एकेक धक्का देत. मला कळलं तो काय करतोय. बाजारात दलाल असाच पाठ फिरवून निघतो, आणि कान मागं ठेवतो. दारापर्यंत गेला. कुणी हाक मारली नाही. मॅडम पवारला सोमवारची वेळ सांगत होत्या.

तो दारात थांबला. बराच वेळ पाठमोराच होता. मग वळला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्या तोंडावर गरज बघितली.

"मॅडम, दोन हाय."

"काय दोन?"

"आकडा. आत जाताना नऊ असतो. भाईर येताना दोन. पयल्या दिसापासनं."

मॅडमनी कागद परत समोर ओढला. "काका, सहा आठवडे तुम्ही सात सांगताय. रोज मी दोनदा विचारलंय."

"ते बोलायचं म्हणून बोललो. खरं दोन हाय."

"आज बंद होणार कळल्यावर दोन?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटत होतं, त्यामुळं ते जास्त वाईट होतं. "मी हे कसं लिहू? उद्या पुण्यातनं मला विचारतील."

"ह्या गवंड्याला इचारा. ह्येला रोज सांगितलंय, हातात हात देऊन. सोडला रं तुला शब्दातनं, गवंडी. सांग."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. पवारनंही बघितलं. "तात्या, तुम्ही तर म्हणाला होता, मला काही बोलले नाहीत."

मी एकदा नाही म्हणून बसलो होतो. आता हो म्हटलं तर चाळीस वर्षांत कुणी खोटारडा न म्हटलेला माणूस एका पोरीसमोर खोटा ठरत होता. आणि जागाही जात होती. दोन्हीतलं कुठलं जास्त जड होतं ते मी वजन करून बघितलेलं नाही, आणि बघणारही नाही.

मी म्हणालो, "मला काय ठावं न्हाय."

सिद्राम चिडला नाही. त्यानं परत मला पहिल्या दिवसासारखं बघितलं, मानेपासून खाली. "येन्री गवंडी," तो म्हणाला. 'काय हो' असं कानडीत तो मला मजेत असताना म्हणायचा. "साठ वर्सांत पयल्यांदा मी दात न बगता घेतलं." आणि मॅडमला म्हणाला, "ह्येला बी ठावं न्हाय म्हणतोय. मंग नसंल दोन."

दुपारी फाटकापाशी अक्कलकोटकडं जाणारा एक टेम्पो उभा होता. माझी मुलगी न्यायला यायची होती म्हणून मी तिथंच सावलीला होतो. ड्रायव्हर आणि गौराबाई दोघांनी सिद्रामला उचललं. चढवताना त्याचा डावा पाय फाळक्याच्या लोखंडावर आपटला, चांगला आवाज झाला. त्याला काही नाही. त्यांनी त्याला ताडपत्रीवर आडवा केला, खुर्ची घडी करून शेजारी टाकली. मग आग उठली. सकाळी यंत्र मिळालं नव्हतं ना. त्यानं रुमालाचा बोळा करून तोंडात घातला आणि दातांखाली धरला. ड्रायव्हर म्हणाला, "झोप काढा आता काका, सावकाश नेतो." आणि पुढं जाऊन बसला.

गौराबाई माझ्याकडं आली. तिच्या हातात त्याच्या चपला होत्या. वर्षभर न घातलेल्या, पण ती त्या सगळीकडं घेऊन फिरायची.

"भाऊ, एक खरं सांगा. त्या यंत्रानं ह्यास्नी आराम पडत हुता का?"

टेम्पोच्या फटीतून सिद्राम आमच्याकडं बघत होता. ऐकू जाईल इतकंच अंतर होतं.

मी म्हणालो, "न्हाय वैनी."

तिनं श्वास सोडला. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटत हुतं, मी घरी चला, घरी चला म्हणून मागं लागले, आन ह्यांचं चांगलं चाललेलं मोडलं का काय."

ती चढून त्याच्या डोक्याशी बसली. सिद्रामनं बोळा काढला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला, टेम्पो वळेपर्यंत. त्यात राग नव्हता. एखादा दलाल दुसऱ्या दलालाकडं बघतो तसं ते बघणं होतं. त्यानंतर मला तो दिसला नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी मॅडमच्या खोलीत गेलो, खुर्चीचा ब्रेक लावला, डबा डोळ्यांवर चढवून घेतला आणि त्या थांबा म्हणेपर्यंत चालत राहिलो.